ओल्या वजनाची नोंद

मंडळी, एक प्रश्न विचारतो. उत्तर लगेच देऊ नका — घाईचं उत्तर बहुधा शेजाऱ्याच्या तोंडाकडं बघून दिलेलं असतं. आपली चूक फक्त आपल्याला ठाऊक आहे, दुसऱ्या कुणाला कळायची सोय नाही. ती सांगावी का?

ऐका. एका ज्वारी संशोधन केंद्रात दत्ताजी घोंगडे नावाचे शास्त्रज्ञ होते. शास्त्रज्ञ म्हणजे फार मोठं काही समजू नका. टोपी घालून रानात जायचं, कणसं मोजायची, वहीत लिहायचं. अकरा वर्षं खपून या माणसानं ज्वारीचा नवा वाण काढला. सोमवारी तो समितीपुढं जायचा होता. मंजूर झाला की बियाणं गावोगाव! आणि महिनाअखेरीला घोंगडे निवृत्त. म्हणजे ही शेवटचीच संधी.

शुक्रवारी वही चाळताना त्यांचा हात थांबला. नियम काय? कणसं आठ दिवस वाळवायची, मळायची, मग दाण्यांचं वजन करायचं. पण दोन वर्षांमागं आभाळ भरून आलं, म्हणून यांनी घाई केली आणि या एका वाणाचं काढणीच्याच दिवशी वजन केलं; बाकीचे नंतर वाळवून तोलले. ओलं वजन — पाणीच तोललं म्हणा ना! आणि वाण पहिला आला, तो त्याच वर्षाच्या जोरावर.

समोर सहकारी शालन कुंभार बसल्या होत्या. घोंगड्यांनी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "सर, दोन वर्षांत हे पान कुणी उघडलं नाही."

"मी उघडलं ना, बाई."

"व्हाइटनर देऊ?" — बाई मायाळू हो, दुसरं काही नाही.

"नको. खाली काय होतं ते दिसलं पाहिजे."

आकड्यावर एकच रेघ ओढली. शेजारी लिहिलं, 'ओलं वजन, चूक माझी.' सही केली, तारीख घातली. मग चष्मा काढून डोळे पुसले. अकरा वर्षं गेली होती त्यात, वाईट वाटणारच.

सोमवारी ती दुरुस्ती पाहून समितीनं वाण नामंजूर केला. आता तुम्ही म्हणाल, बुवा, पुढं देव पावला असेल. नाही पावला. पुढच्या हंगामात शालनबाईंनी तोच वाण पेरला, नीट वाळवून तोलला. जुन्या वाणापेक्षा कमी भरला.

पण तो वाण गावात गेलाच नव्हता, म्हणून त्या सालीही गावोगाव जुनीच ज्वारी उभी राहिली, कणगीत भरपूर दाणा पडला. घोंगड्यांचं नाव कुणाच्या कानावरही गेलं नाही.

मंडळी, तुम्ही आत्ता भाकरी खाऊन आलात. ती ज्यांच्या खरेपणानं पानात पडली, त्यांतल्या एकाचं तरी नाव सांगा. येत नाही ना? मग आपली चूक सांगायची वेळ आली, की 'मला काय मिळणार' असं विचारता — ते भाकरी खाल्लेल्या त्याच तोंडानं?