अठरा घरं, सतरा पत्रं

हॅलो?… अगं, कडी तुटली तर काय झालं, पाणी राहतं ना बादलीत… हॅलो? नाही नाही, तुम्हाला नाही! जाऊ आहे माझी. सकाळपासून बादल्यांवरून कुरकुरतेय… कोण? अय्या, बाई! बोला ना, बाई.

कसलं पत्र?… अच्छा, ते. हो, साफसफाईचे दर वाढवलेत, पुढच्या महिन्यापासून… समोरच्या डॉक्टरीणबाईंनी दाखवलं? हो, मीच लिहिलं… लाल पेनाने?… त्यांच्या पत्रावर?… किती चुका?… अकरा. बरं.

नाही, तुमचं हरवलं नाही… मुलींना नका बोलू, त्या नाही विसरल्या. अहो, तुमचं छापलंच नाही. अठरा घरं, सतरा पत्रं.

कारण म्हणजे… तुमचा दर आहे तोच… हो, सहा वर्षं तोच… उपकार कसले? उलट तुमचेच. मी एकटी एक फडकं घेऊन आले होते. पहिलं घर तुम्ही दिलंत. मग जिन्यात उभं राहून अख्ख्या इमारतीला माझा नंबर लिहून घ्यायला लावलात… हो, आणि परत वाचूनही दाखवायला लावलात. आज पाच मुली आहेत हाताखाली. आता तुमच्याकडे कोणत्या तोंडाने…

काय?… नाही नाही, दोन तास असतात मुली तुमच्याकडे… घड्याळ लावून बघितलंत. बरं. सव्वा तास.

खिडक्या? खिडक्या पाळीने असतात, बाई. या आठवड्यात रस्त्याकडच्या, पुढच्या आठवड्यात… डॉक्टरीणबाईंकडे? हो, त्यांच्याकडे सगळ्या पुसतात. त्यांचं घर जरा… हो, तुमच्याएवढंच आहे.

पंखे दोन महिन्यांनी एकदा… फ्रिजच्या मागे?… फ्रिजच्या मागे आम्ही आता जात नाही, बाई.

तू गप गं! नाही, हिला म्हटलं. ही म्हणतेय, सांगून टाक… काय म्हणजे? काही नाही हो, तिला सवयच आहे.

हो… हो, मुलींना मीच सांगितलं होतं. तीन वर्षांपूर्वी खिडक्या, मग पंखे, मग फ्रिज… असंच. असंच म्हणजे असंच, बाई.

तुम्हाला कळलं होतं?… पहिल्याच महिन्यात? मग बोलला का नाहीत?… मला वाईट वाटेल म्हणून.

थांबा, मग पंखे कोण पुसतं?… स्टुलावर? चौऱ्याहत्तराव्या वर्षी?… सत्त्याहत्तराव्या. ते तर आणखीच छान… काय म्हणालात? पाय?… मंगळवारी? पडलात, आणि आज सांगताय!… 'नुसता मुरगळला' म्हणजे काय? सूज आहे?… म्हणजे डॉक्टरीणबाई पाय बघायला आल्या होत्या. आणि तुम्ही त्यांच्या हातातलं माझं पत्र तपासत बसलात!

मी आत्ता येते… आत्ता म्हणजे आत्ता. ते स्टूल आधी माळ्यावर टाकते… का नको?… आधी कारण, काम का कमी केलं त्याचं. एका वाक्यात… अहो, पायाला सूज आणि तुम्हाला वाक्य कसलं सुचतंय?… नाही, उलट बोलत नाहीये… तुमच्या शाळेत नव्हते हो मी… तरी. बरं.

उभीच आहे, बाई.

मोठ्याने? जाऊ ऐकतेय माझी… तिलाही ऐकू दे. बरं.

जीभच रेटत नाही, बाई… हो, थांबते. पाणी नको, सांगते… सांगते.

बाई, जुन्या पैशांत तुमचं घर मला परवडत नाही. तीन वर्षं झाली, परवडत नाहीये. पैसे वाढवून द्या.