पायाला खिळा, हातात पुष्पगुच्छ

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील प्रमुख पाहुणे, क्लबच्या कार्यकारिणीचे सर्व सदस्य, माझ्या संघातल्या मुलींनो, आणि खुर्च्या संपल्या तरी भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या क्रीडाप्रेमी मंडळींनो,

आज आपण आपल्या गोलरक्षक ताईंना निरोप देतो आहोत. 'कर्णधार या नात्याने चार गोड शब्द बोल,' अशी मला कार्यकारिणीची सूचना आहे. गोड बोलण्यात मी कच्ची. तरी प्रयत्न करते.

हँडबॉलमध्ये सात मीटरवरून पेनल्टी घेतात. समोर एकटी गोलरक्षक. शिट्टी वाजली की तीन सेकंदांत चेंडू सुटला पाहिजे, आणि पुढचा पाय जागचा हलता कामा नये. लोकांना वाटतं, कोंडीत सापडते ती गोलरक्षक. अहो, पायाला खिळा कुणाच्या ठोकलेला असतो?

सरावात ताईंची एक रीत होती. पेनल्टी घेणारीची नजर ज्या कोपऱ्याकडे गेली, तो कोपरा त्या चेंडू सुटण्याआधीच पुकारायच्या. 'उजवा, खालचा!' की चेंडू त्यांच्या पायावर आपटलाच. मी तेव्हा नवी होते. म्हटलं, आपणही शहाणपणा करू. डावीकडे बघितलं, उजवीकडे फेकला. एकदा फसल्या. दुसऱ्यांदा ओरडल्या, 'अगं, जिकडे टाकायचा नाही तिकडे इतकं प्रेमानं कोण बघतं?' मग मी जमिनीकडे बघू लागले. तर म्हणे, 'काही पडलंय का? शोधायला येऊ?'

सगळ्या हसायच्या आणि मला रडू यायचं. बघावं तरी कुठे माणसानं? शेवटी चिडून त्यांनाच विचारलं. म्हणाल्या, 'माझ्या तोंडाकडे बघ. सगळी जाळी तुला आपोआप दिसेल, आणि मला काही कळणार नाही. पण समोरच्याच्या तोंडाकडे बघायला छाती लागते, बाई!'

मंडळी, गेला आठवडाभर मी नजराच बघते आहे. ताई समोर आल्या की चिटणीस साहेबांना मोबाईल आठवतो. खजिनदारांना छताचा पंखा आवडू लागला आहे. का? कारण ताईंनी निवृत्ती मागितलेलीच नाही! त्यांनी ती क्लबच्या फलकावर वाचली. त्यांना अजून एक हंगाम खेळायचा आहे. विचारलं कुणी? आता बघा त्यांच्याकडे. दोन्ही बाजूंना पदाधिकारी, दोन्ही हातांत हा भलामोठा पुष्पगुच्छ. अशा अवस्थेत कुठल्या गोलरक्षकानं काय अडवावं?

पुढच्या आठवड्यात कर्णधार निवडणार तीही हीच मंडळी, हे मी जाणून आहे. माझाही पाय रेषेवर खिळलेला आहे, आणि शिट्टी वाजून गेली.

म्हणून अध्यक्ष महोदय, आपल्या तोंडाकडे बघून विचारते. ताईंना पुढचा हंगाम खेळू देणार की नाही?

आपण दाराकडे बघताय.

ताई, सवयीप्रमाणे सांगा. काय? जरा मोठ्यानं! 'उजवा, बाहेरचा!'

हसू नका, मंडळी. ताई हसत नाहीयेत. त्यांनी पुष्पगुच्छ खाली ठेवलाय. हात मोकळे केलेत आणि त्या उभ्या राहिल्या आहेत.

मला बोलू दिलंत, आपण सर्वांनी मनापासून ऐकलंत, मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात मर्यादा ओलांडली गेली असेल तर लहान समजून पोटात घाला. फक्त उत्तर मिळेपर्यंत मी या माइकसमोरून हलणार नाही, तेवढं सांभाळून घ्या.