त्याच बापाचं पिल्लू

जनावरांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी श्वानपथकातला एक पोलीस बसला होता. त्याचा जर्मन शेफर्ड पायाशी पडून होता. समोरच्या बाकावर कुत्री वाढवून विकणारा एकजण, त्याची बायको आणि पिल्लांची टोपली.

“उठत नाही का हो?” पिल्लंवाल्यानं पोलिसाला विचारलं.

“मागचे पाय गेलेत. खुबे पार झिजले. आज शेवटचं इंजेक्शन. पाच वर्षंही पुरी नाहीत हो याला. ढिगाऱ्याखालची माणसं हुंगून शोधायचा.”

“अरेरे! आणि पाठ काय सुरेख उतरती आहे. बाप कोण याचा?”

“सरदार. प्रदर्शनात बक्षिसं घेतो ना, तो.”

“काय सांगता! तो आमचाच. ही पिल्लंही त्याचीच.”

“खरं? मग दादा, यातलं एक मला ठेवा. जीव लावणारं रक्त आहे. सरदार बरा आहे ना?”

“एकदम ठणठणीत.”

कुत्र्याला दोन्ही हातांवर उचलून पोलीस आत गेला.

“अहो, सरदारलाही आता उचलूनच गाडीत घालावं लागतं. या उतरत्या पाठीपायीच खुबे जातात, त्याची पिल्लं काढू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं. सांगितलं का नाहीत?”

“रडत होता गं तो. कुठल्या तोंडानं सांगू?”

“आणि पिल्लू?”

“काढ एक बाजूला. सगळ्यात उतरती पाठ असेल ते.”