'शुद्ध' लिहिलेली बरणी

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान परीक्षण समितीचे मान्यवर सदस्य, ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो आहोत त्या आमच्या मॅडम, पहिल्या रांगेत बसलेल्या मॅडमच्या मातुःश्री, ज्यांना आम्ही सगळेच 'आजी' म्हणतो, आणि सभागृहातील सुहृदहो,

मी मॅडमची शेवटची विद्यार्थिनी. चार माणसांत उभे राहिले की माझी दातखीळ बसते, हे प्रयोगशाळेत सर्वश्रुत आहे. म्हणून आजचे गौरवपर भाषण मी केव्हाच लिहून पाठ करून ठेवले होते. परंतु गेल्या आठवड्यात जे घडले, त्यानंतर त्यातले एकही वाक्य ओठांवर येईना. क्षमस्व, आज पाठ न केलेले बोलते.

मॅडमनी उभ्या कारकिर्दीत एकच ध्यास घेतला: अन्नातले विष ओळखणारे, तळहातावर मावणारे यंत्र. शेंगदाण्याला बुरशी धरली की त्यात विष उतरते. ते चवीला कळत नाही, भाजले तरी पुरते जात नाही, आणि मुकाट्याने यकृत पोखरते. यंत्राच्या पट्टीवर दाण्यांच्या अर्काचा थेंब टाकायचा. विष असेल तर ते पट्टीला चिकटते आणि तिच्यातला विद्युतप्रवाह घटतो. पण घटला, तो कशाच्या तुलनेत? त्यासाठी निर्दोष दाणे हवेत. ते आमच्याकडे एका बरणीत असत. बरणीवर मॅडमच्या सुवाच्य अक्षरात चिठ्ठी: 'शुद्ध'.

पहिले दाणे मोठ्या प्रयोगशाळेतून तपासून आणलेले होते. यंत्र तयार होण्याआधीच ते संपले, तशी बरणी मॅडमच्या घरच्या डब्यातून भरली जाऊ लागली. आजी स्वतः निवडून, भाजून देत. घरच्या दाण्यांवर संशय कोण घेणार? दाणे बदलत गेले, चिठ्ठी तीच राहिली.

समितीने यथावकाश निर्णय दिला: हे यंत्र शुद्ध आणि दूषित यांत फरक करू शकत नाही. प्रकल्प गुंडाळला गेला. मॅडम एवढेच म्हणाल्या, "असू दे गं. प्रत्येकाचं यंत्र चालतंच असं थोडंच आहे?"

गेल्या आठवड्यात मी प्रबंधासाठी शेवटची मापने घेत होते. बरणी रिकामी होती आणि मॅडम बैठकीत होत्या, म्हणून समोरच्या दुकानातून मूठभर दाणे आणले. पडद्यावरची प्रवाहाची रेषा अशी काही उसळली की मी खुर्चीवरून उठलेच. पट्टी बदलली. पुन्हा तेच!

मॅडम आल्या. "काय केलंस?"

"काही नाही हो मॅडम, फक्त दाणे बदलले."

"दुकानातले? मग त्यांच्यातच गडबड असणार." असे म्हणत त्यांनी स्वतःच्या डब्यातल्या दाण्यांचा अर्क काढून थेंब टाकला. रेषा खाली झोपली. नेहमीप्रमाणे मॅडमनी आल्या आल्या पुढे केलेले त्याच डब्यातले दाणे माझ्या तोंडात होते.

दोन्ही नमुने मोठ्या प्रयोगशाळेत गेले. दुकानातले निर्दोष निघाले. घरच्यांत विष मर्यादेपलीकडे. समितीच्या सदस्यांना नम्रपणे सांगते, आपले निरीक्षण अचूक होते. यंत्राला फरक दिसला नाही, कारण फरक नव्हताच.

एखादीने आनंदाने उडी मारली असती, नाही का? जन्माचे काम खरे ठरले होते! मॅडमनी आधी घरी फोन लावला.

"आई, डब्यातले दाणे खाऊ नकोस."

"का? चांगले खमंग झालेत की!"

"त्यात विष आहे. चवीवरून नाही कळत ते."

"मग तुझं यंत्र काय चाखून सांगतं होय?"

"हो आई, चाखूनच सांगतं."

मग आजींचा आवाज अगदी लहान झाला. "आणि तू गं? तुझ्या डब्यात तर मीच भरून देते ना रोज?"

तोवर मॅडमना स्वतःची आठवणच झाली नव्हती. त्यांनी डब्याचे झाकण घट्ट लावले.

आम्हा तिघींच्या तपासण्या झाल्या. मॅडमचा अहवाल निर्दोष आला, माझाही. आजींचा अजून यायचा आहे. तरीही आज त्या आल्या आहेत, आणि आल्या आल्या त्यांनी ती बरणी माझ्या हाती ठेवली. घासूनपुसून लख्ख, चिठ्ठी खरवडून काढलेली. म्हणाल्या, "आता हिच्यावर काही लिहू नका गं पोरींनो. दर खेपेला हिलाच विचारा, आत काय आहे ते."

मॅडम, आपण मला जे शिकवलेत त्यात एवढी भर आजींनी घातली. आपल्या दोघींची मी आजन्म ऋणी आहे. अध्यक्ष महोदयांनी आणि आपण सर्वांनी माझे अडखळते बोलणे शांतपणे ऐकून घेतलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. बोलण्यात काही उणेअधिक झाले असल्यास क्षमा असावी. मात्र एक विनंती: मी मॅडमच्या घरचीच, म्हणून ती क्षमा देऊ नये. आधी तपासावे, मग क्षमा करावी.