उन्मेषचा उजवा गाल

...नाही, पण त्यात माझी काय चूक, तुम्हीच सांगा. मी जाड आहे. लहानपणापासून आहे. इथे एडमंटनला स्वप्नालीवहिनींच्या बेसमेंटमध्ये राहतो, रात्रीचं जेवण वर त्यांच्याकडे, आणि ते मला लागतं. अंगाला. त्यांचा नवरा उन्मेष त्याच टेबलावर बसतो, त्याच कुकरमधला भात खातो, माझ्यापेक्षा दोन पोळ्या जास्तच खातो, आणि गाल असे आत गेलेले की वाटी ठेवली तर बसेल. लागत नाही अंगाला. काहींच्या नाही लागत. पण हे नागपूरला कोण सांगणार?

कारण नागपूरला उन्मेषची आई, शीलाकाकू. दर रविवारी सकाळी स्काइप. तुम्हाला सांगतो, 'हॅलो' नाही, 'कसा आहेस' नाही, डायरेक्ट, "काहून रे, वाळून राहिला तू. स्वप्नाली, काय करते गं जेवायला?" वहिनी बिचाऱ्या यादी म्हणायच्या, पोळी, भाजी, वरण, भात, कोशिंबीर... मग काकू शेजारी कुणी बसलंय असं समजून बोलायच्या, "पुण्याची आहे ना. आमटीत गूळ घालते. नाही लागत अंगाला."

शेजारी कुणी नसायचं. मी बघितलंय.

आता स्वप्नालीवहिनी युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये काम करतात, उणे पस्तीसमध्ये ड्राइव्हवेवरचा बर्फ एकट्या शोव्हल करतात, कशाला घाबरत नाहीत. पण सात वर्षं दर रविवारी हे ऐकायचं? तूप वाढवलं, लाडू झाले, रात्री केळं-दूध झालं. गाल तिथेच. शेवटी त्यांनी कुठेतरी वाचलं की गालात इंजेक्शनने जेल भरतात, फिलर म्हणतात, वर्षभर टिकतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "उन्मेष, तू जाणार आहेस."

आणि उन्मेष गेला. पण उन्मेष पाइपलाइन इंजिनिअर. ड्रॉइंगशिवाय वॉशरूमलाही जात नाही. त्याने काय करावं? स्काइपचे स्क्रीनशॉट काढले, कलरमध्ये प्रिंट केले, वर बाण काढले. आता त्यांचा लॅपटॉप डायनिंग टेबलावर, खिडकी उन्मेषच्या डाव्या हाताला. उजेड डाव्या गालावर, उजव्यावर सावली. त्यामुळे स्क्रीनवर डावा गाल खड्डा आणि उजवा विहीर. डॉक्टर मॅक्लीन म्हणाले, "मला तर दोन्ही सारखेच दिसतात." उन्मेष म्हणाला, "डॉक्टर, माझी आई मला स्क्रीनवर बघते. एंड यूझरसाठी डिझाइन करायचं असतं." डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. दोनदा समजावलं. उन्मेषने लेखी सही करून दिली. उजवीकडे जास्त भरलं.

स्काइपवर? अप्रतिम. शीलाकाकू कॅमेऱ्याला इतक्या चिकटल्या की आम्हाला फक्त नाकपुडी दिसत होती. "आता कसा भरला पोट्टा. काय केलं गं स्वप्नाली?" वहिनी म्हणाल्या, "साधंच आई, वरणभात." त्या दिवशी घरात श्रीखंड झालं.

समोरून मात्र उजव्या गालात अख्खा बटाटेवडा ठेवून तो विसरलाय असं वाटायचं. ऑफिसमध्ये तीन जणांनी त्याला डेंटिस्टचा नंबर दिला. मी जेवायला त्याच्या डाव्या बाजूला बसायला लागलो.

आणि मग काकू म्हणाल्या, "आता पोट्ट्याला डोळ्यांनीच बघते." जूनचं तिकीट. सहा महिने. प्रत्यक्ष. कॅमेरा नाही, खिडकी नाही, समोरासमोर.

परत डॉक्टर. डॉक्टर म्हणाले, काळजी नको, एक एन्झाइम असतं, ते टोचलं की जेल विरघळतं, उजवीकडचं थोडं काढू, दोन दिवसांत गाल लेव्हल. फक्त एक सांग, मधमाशीची अ‍ॅलर्जी आहे का? कारण मधमाशीच्या विषात याच जातीचं काहीतरी असतं. उन्मेषला काय माहीत? त्याने क्लिनिकमधूनच नागपूरला फोन लावला.

"आई, मला लहानपणी मधमाशी चावली होती का गं?"

"काहून? तिथे चावली?"

"नाही गं, सहज."

"सहज कोण विचारते? होती चावली. कान पुरीसारखा फुगला होता. स्वप्नाली कुठे होती?"

"आई, मी तेव्हा चार वर्षांचा होतो."

"आत्ता. आत्ता कुठे आहे?"

पुरीचं इंग्लिशमध्ये भाषांतर ऐकून डॉक्टरांनी सुई ठेवून दिली. आधी अ‍ॅलर्जीवाल्याचं सर्टिफिकेट, मग पुढचं. त्यात तीन आठवडे गेले. सर्टिफिकेट आलं, काही नाही म्हणे, टोचा. पण तोवर तिकडे काकूंनी मधमाशीच्या धसक्याने तिकीट अलीकडे घेतलं. काकू उतरल्या बुधवारी. अपॉइंटमेंट गुरुवारी.

एअरपोर्टवर काकूंनी मुलाकडे डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. वहिनी म्हणाल्या, "दाढ."

गुरुवारी 'डेंटिस्टकडे' मीच घेऊन गेलो. आधी हातावर एक थेंब टोचला, अर्धा तास आम्ही तिघं हाताकडे बघत बसलो. काही झालं नाही. डॉक्टर म्हणाले, "गुड, आता उजवीकडून थोडंसं..." आणि उन्मेषने हात वर केला. "नो. दोन्ही झीरोला आणा. मग नीट कॅलिब्रेट करू." मी म्हटलं, अरे, घरी आई आहे. तो म्हणाला, "अर्धवट करेक्शनमध्ये एरर राहतो." डॉक्टर म्हणाले, तुझा चेहरा, तू ठरव, पण परत भरायचं तर दोन आठवड्यांनी. उन्मेष म्हणाला, फाइन.

फाइन.

आता घरी काय झालं असेल? गुरुवारी रात्री वहिनींनी पाटवडी-रस्सा केला, नागपूर पद्धतीने, गुळाचा खडा नाही. उन्मेष चार पोळ्या जेवला. शुक्रवारी सकाळी पोहे खाल्ले, गाल जरा उतरले. दुपारी थालीपीठ, अजून उतरले. तो खातोय आणि ते उतरताहेत. काकू समोर बसून एकदा ताटाकडे बघायच्या, एकदा गालाकडे. शनिवारी सकाळी दोन्ही वाट्या जागेवर.

"माझ्या डोळ्यांदेखत," काकू म्हणाल्या. "तीन दिवसांत. स्वप्नाली, काय घालते तू ह्याला?" आणि मग त्यांची नजर माझ्याकडे आली. मी तिसऱ्या थालीपिठावर होतो. "ह्या खालच्याच्या बरं लागून राहिलं अंगाला."

वहिनींपुढे दोनच रस्ते. खरं सांगायचं, म्हणजे 'आई, तुम्ही गप्प बसावं म्हणून मी तुमच्या मुलाच्या तोंडात सुया घातल्या.' किंवा किचन सोडायचं. वहिनींनी एप्रन काढला, घडी केली, काकूंच्या हातात दिला. मग वर जाऊन डॉक्टरांची पुढची अपॉइंटमेंट कॅन्सल केली. म्हणाल्या, "आता त्यांनी घालावं."

काकूंनी घातलं. वडाभात, झुणका, तुपाची धार, डिंकाचे लाडू. पाच महिने. उन्मेषचे गाल? तिथेच. पोट सुटलं, गाल नाही. मी अकरा किलो वाढलो. वहिनी फक्त रोज रात्री उन्मेषकडे बघून काकूंना विचारायच्या, "अजून एक पोळी वाढता ना आई?"

जायचा आठवडा आला. दोघी बॅग भरत होत्या, मी वजनाचा काटा घेऊन दारात. काकूंनी पर्समधून उन्मेषच्या बाबांचा जुना फोटो काढला. तेच गाल. सेम. काकू म्हणाल्या, "चाळीस वर्षं घातलं गं ह्यांना. माझी सासू जाईपर्यंत म्हणून राहिली, शीलाच्या हातचं लागत नाही अंगाला."

वहिनींच्या हातातली साडी तशीच राहिली. मग त्यांनी सगळं सांगितलं. स्काइप, जेल, मधमाशी, एन्झाइम, झीरो, सगळं. मला वाटलं, संपलं, मीच आता दुसरं बेसमेंट शोधावं. काकूंनी हातातला फोटो पदराने पुसला. मग म्हणाल्या, "सगळ्या नागपूरला सांगून आली मी, पोट्ट्याला भरूनच येते म्हणून..." फोटो परत पर्समध्ये ठेवला. "त्या डॉक्टरकडे मंगळवारी जागा असन का गं?"

होती. प्रिंटआउट नाही, बाण नाही. काकू स्वतः शेजारी उभ्या. "डावीकडे थोडं अजून. हं. बस."

एअरपोर्टवर फोटो काढला, तो आता नागपूरच्या हॉलमध्ये लागलाय. येणारा-जाणारा म्हणतो, शेवटी आईच्या हातचं ते आईच्या हातचं. दर रविवारी काकू हे स्काइपवर सांगतात, वहिनी ऐकतात, आणि फोन ठेवताना काकू हळूच विचारतात, "आमटीत गूळ किती घालते गं तू?"

फोटोत शेजारी मीही उभा होतो. काकूंनी मला त्यातून कापलंय. म्हणे, हा खालचा उगाच खाल्लेला दिसते.