म्हशीले पटलेला भूतकाळ

हसू नका लेकहो, माह्या इटालियनचा घात आमच्या म्हशीनं केला.

मले इटलीत शिकाले जायचं होतं अन् त्यासाठी भाषेची परीक्षा होती. घरात टीव्ही बोंबलत राहे, म्हणून मी सकाळी गोठ्यात क्रियापदं घोकत बसो. एक दिवस बाबा दूध काढत होते अन् मी भूतकाळ घेतला, "पार्लावो, पार्लावी, पार्लावा..." म्हैस अशी पान्हवली का बकेट काठोकाठ भरली.

बाबा म्हणे, "काय म्हणून राह्यला रे?"

"मी बोलत होतो, तू बोलत होता, तो बोलत होता."

"मंग बोलत राह्य ना!"

दुसऱ्या दिवशी मी पुढचा धडा काढला, जर-तरचा. मी बोललो असतो, तू बोलला असता. म्हशीनं बकेटीसकट बाबाले लाथ हाणली.

"हे जर-तर बंद!" बाबा शेणातूनच ओरडले. "कालचंच म्हण."

"बाबा, परीक्षेत सारं येते."

"परीक्षा दूध देते काय?"

झालं. परीक्षेपर्यंत मी भूतकाळच म्हणत राह्यलो. पेपरात भूतकाळ नावापुरता, बाकी सारं जर-तर. सपशेल आपटलो.

मी तोंड पाडून घरात बसलो, अन् बाबा अख्ख्या जऊळका गावात पेढे वाटून आले. पेढेही त्याच म्हशीच्या दुधाचे. शेजारच्या रहीमचाचानं विचारलं, "पोरगं पास झालं काय?"

"छ्या, नापास झालं!" बाबा खुशीत म्हणे. "म्हैस आटेपर्यंत आता कुठंच जात नाही."