आभाळ्याची पहाट

मंडळी, ऐका. आधी मोजदाद करू, मग गोष्ट!

एक मुखवटा. रद्दी कागदाचा, चिंचोक्याच्या खळीने चिकटवलेला. त्याच्यावर अकरा आरसे, बोटाच्या पेराएवढे. सात मोरपिसं. पत्र्याचा एक चंद्र. काचेच्या मण्यांच्या तीन माळा. चमकीच्या चांदण्या चाळीस. घुंगरं दोन डझन. कापसाचे पाच ढग. गोधडीचा एक तुकडा. लुकलुकणाऱ्या दिव्यांची एक माळ — सेलच्या डबीसकट! आणि डोळ्यांच्या जागी दोन भोकं. केवढी? चिंचोक्याएवढी.

हसताय? हसा. पण प्रश्न ऐकून हसा. आपला ज्याच्यावर जीव जडतो — देव असेल, लेकरू असेल, गोष्टीतला एखादा राक्षससुद्धा असेल — त्याला नटवायचं तरी किती? प्रेमाला माप असतं का हो? आणि असलंच, तर ते कुणाच्या अंगाचं घ्यायचं — आपल्या, की त्याच्या?

पखवाज जरा हळू, बुवा. हं… अस्सा. झोपेत पाऊस ऐकू येतो तसा.

वावळपाडा नावाचं गाव होतं. चारी बाजूंनी डोंगर, मध्ये वाटीत ठेवल्यासारखी घरं. तिथे वर्षातून एकदा सोंगं निघायची. सोंग म्हणजे काय? मुखवटा चढवायचा आणि नाचायचं — मग तो माणूस राहत नाही, तो ज्याचा मुखवटा तोच होतो. रात्रभर एकेक सोंग येऊन जायचं. पण गावाचा जीव कशात अडकलेला? शेवटच्या सोंगात. पहाटेच्या. आभाळ्यात!

कोण हा आभाळ्या? गावातले लोक सांगायचे, की फार पूर्वी आभाळ अगदी खाली होतं. इतकं खाली, की भाताच्या लोंब्या त्याला टेकून वाकायच्या आणि माणसं रांगत शेतात जायची. तेव्हा डोंगरापलीकडून एक राक्षस आला. माणसं खायला आला होता बरं का! पण ही रांगणारी माणसं बघितली, आणि त्याला काय वाटलं कोण जाणे — त्याने खांदे लावले, मान लावली, आभाळ डोक्यावर घेतलं आणि उभा राहिला. माणसं ताठ झाली. तो मात्र अजून तसाच उभा आहे.

मग गावदेवीला दया आली. ती म्हणाली, "आभाळ्या, वर्षातली एक पहाट तुझी. उतरव ओझं. नाच." तो म्हणाला, "आणि तेवढ्यात आभाळ पडलं तर?" देवी म्हणाली, "गाव धरील ना!"

म्हणून त्या पहाटे वावळपाड्यात काय करतात? सगळे — म्हातारे, बाळंतिणी, कडेवरची पोरं — दोन्ही हात वर करतात. तळवे आभाळाकडे. आभाळ्याचं नाचणं संपेपर्यंत हात खाली नाही! आहे की नाही गोड?

अशा या राक्षसाचं गावाला वेड. भिंतीवर आभाळ्या, गोधडीवर आभाळ्या, पोरांच्या दप्तरावर आभाळ्या. मातीचा आभाळ्या केला नाही असं पोर त्या गावात सापडायचं नाही.

आणि सगळ्यांत जास्त वेड कुणाला? जानकी भोयेला. बाविशीतली पोरगी. तिचे बाबा सोमा भोये गावाचे मुखवटे करायचे. आभाळ्या जानकीच्या स्वप्नात यायचा. बोलायचा नाही. धुक्यात नुसता उभा. पापण्या मिटायला आलेल्या, मान किंचित डावीकडे कललेली — डोक्यावर हंडा असला की बाईची कलते तशी. जानकी जागी व्हायची आणि कोळशाने भिंतीवर तो चेहरा काढायची. दरवेळी थोडा निसटायचा. दरवेळी!

त्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. आभाळ्याचा जुना मुखवटा वाळवीने खाल्ला. आणि सोमाबाबांची उजवी बाजू लुळी पडली. हात उचलेना, जीभ जड झाली. गावात कुजबुज सुरू — "शहरातून फायबरचा आणू. तयार मिळतो. धुता पण येतो!"

जानकी म्हणाली, "मी करते."

आता इथे एक अट ऐका, मंडळी. सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. आभाळ्याचा मुखवटा एकदा चढला, की देवळापासून ओढ्यापर्यंत नाचत न्यायचा. मध्ये उतरवायचा नाही. दम लागला, ठेच लागली, काही झालं तरी नाही! मध्ये उतरला तर सोंग कायमचं बंद. पुन्हा त्या गावात आभाळ्या नाचायचा नाही. म्हणजे पोरीचा मुखवटा चुकला, तर काय जाणार होतं? सगळ्या गावाची पहाट!

जानकीने मातीचा साचा केला. त्याच्यावर कागदाचे थर चढवले. एक थर वाळला की दुसरा. आणि काय सांगू — या वेळी चेहरा निसटला नाही! त्याच जडावलेल्या पापण्या. तीच कललेली मान. बघणाऱ्याला वाटावं, आता हा जांभई देईल. अर्धं गाव बघायला आलं. 

आणि मग, मंडळी, गावाचं प्रेम सुरू झालं!

शाळेचे गुरुजी आले. "जानकी, पत्र्याचा चंद्र कापून आणलाय. कपाळावर लाव. आभाळ आहे म्हटल्यावर चंद्र नको?"

लावला.

बांगड्या विकणारी हौसा आली. "आरसे घे गं. नाचताना लखलखले पाहिजेत."

लावले.

वायरमन दिगंबर आला. "ताई, दिव्यांची माळ. सेलवर चालते. तीन प्रकारे लुकलुकते — दाखवू?"

दाखवली. लावली!

रंगूआजीने आपल्या गोधडीचा तुकडा फाडून आणला. "वर्षभर उभा असतो बिचारा. मऊ लागेल त्याला."

जानकी नाही कुणाला म्हणणार? सगळ्यांचाच आभाळ्या! वजन पेलायला तिने आतून आणखी थर दिले. थर दिले म्हणून वजन आणखी वाढलं. गंमत कळली का? ओझं पेलायला जे घालतो, तेही ओझंच असतं!

सोंगाला चार दिवस उरले. दुपारी अंगणात सरावाला लहानू महालेला बोलावलं. लहानू म्हणजे आभाळ्या नाचणारा. साठी उलटलेला, हाडकुळा, तोंडाने फटकळ. त्याने मुखवटा उचलला. उचलल्यावर चेहरा असा केला — भरल्या सिलिंडरला हात घातल्यासारखा. चढवला. संबळ वाजली. पहिली गिरकी…

धाड! लहानू थेट संबळवाल्याच्या मांडीवर!

"दिसत नाही का, लहानू?" — संबळवाला.

"कशाने दिसणार? भोकं कुठे, माझे डोळे कुठे! डाव्या भोकातून मला माझाच कान दिसतोय!"

उठला. पुन्हा नाचला. या वेळी खांबावर. श्वास भात्यासारखा. आतून आवाज आला — "काढा! काढा आधी!" चौघांनी मिळून काढला. तोंड लालबुंद, कपाळावर वळ. लहानू जमिनीवर बसला आणि म्हणाला,

"पोरी, देखणा केलायस. माझ्या बापानेही असा बघितला नसेल. पण आत मी असतो गं!"

मंडळी, हे वाक्य नीट ऐका. *आत मी असतो.*

चूक काय झाली होती? आपल्या दोन डोळ्यांच्या बाहुल्यांमध्ये किती अंतर असतं? घरी गेल्यावर पट्टी लावून बघा — सहा सेंटिमीटरच्या आसपास. मुखवटा चेहऱ्यापेक्षा मोठा, म्हणून त्याचे रंगवलेले डोळे लांब लांब. सोमाबाबा काय करायचे? रंग लावायच्या आधी नाचणाऱ्याला पुढ्यात बसवायचे, दोऱ्याने माप घ्यायचे, आणि पापण्यांखाली, गालाच्या वळणात मोठी भोकं पाडायचे. जानकीने रंगाच्या आधी लहानूला बोलावलंच नव्हतं. तिला काय गरज! तिने चेहरा स्वप्नात बघितला होता. आणि स्वप्नातल्या चेहऱ्याच्या आत कुणी नसतं.

ती रडकुंडीला आली. "बाबा, भोकं मोठी केली तर पापण्या कापाव्या लागतील. नजर जाईल. एवढं सगळं काढलं तर गाव काय म्हणेल?"

सोमाबाबा ओट्यावर टेकून बसलेले. जीभ जड. एकेक शब्द सुटा.

"त्याला… वर्षातून एकदा… आभाळ उतरवायला मिळतं."

"हो, बाबा."

"तू… परत… त्याच्याच डोक्यावर ठेवलंस."

 जानकीने घंगाळात कोमट पाणी घेतलं. चिंचोक्याची खळ कोमट पाण्याने फुगते, सैल होते. आतून बोटाने पाणी लावायचं, थर सोडवायचा. एकेक थर. चंद्र काढला. आरसे काढले. चांदण्या निघाल्या. लहानूला समोर बसवून दोरा धरला. दोऱ्याच्या खुणा कुठे आल्या? बरोबर पापण्यांच्या नाकाकडच्या अर्ध्यात. जिथे ती झोप उतरली होती, तिथेच!

पात्याला हात जाईना. लहानू म्हणाला, "थांबलीस का?"

"काही नाही, काका."

कापलं.

स्वप्नातला चेहरा गेला, मंडळी. राहिला साधा, हलका, मोठ्या भोकांचा राक्षस. उन्हात वाळवला. आणि गाव आलं जाब विचारायला!

"माझा चंद्र कुठाय?" — गुरुजी.

"आरसे नको होते तर आधी सांगायचं! घरात ठेवले असते मी!" — हौसा.

"तीन प्रकारे लुकलुकत होती हो…" — दिगंबर. आवाज अगदी रडवेला.

जानकी म्हणाली, "आभाळ कुणी धरायचं ठरलंय?"

"आम्ही."

"मग तुमचं आभाळ तुम्ही धरा. त्याच्या डोक्यावर का?"

आणि तिने दोरखंड आणला. देवळापुढे वावळाची दोन झाडं. त्यांच्यामध्ये दोर बांधला, आणि सगळं त्याच्यावर टांगलं — चंद्र, आरसे, मोरपिसं, चांदण्या, कापसाचे ढग. दिगंबरची माळ या टोकापासून त्या टोकापर्यंत! सगळं टांगलं, फक्त एक सोडून. रंगूआजीचा गोधडीचा तुकडा तिने मुखवट्याच्या आत शिवला, कपाळाच्या जागी. बाहेरून कुणालाच दिसत नव्हता. आजीला विचारलं, "चालेल?" आजी म्हणाली, "मी त्याच्यासाठीच दिला होता. तुमच्यासाठी नाही."

आली पहाट. डोंगराच्या वाटीत धुकं भरलेलं, दूध ओतावं तसं. वारा आला की आरसे हलायचे आणि धुक्यात उजेडाचे तुकडे पोहायचे. चंद्र हळूच पाठ फिरवायचा. पोरं अर्धी झोपेत, अर्धी जागी — आणि सगळ्यांचे हात वर. देवळातून आभाळ्या बाहेर आला. त्याने मान उचलली, दोराकडे बघितलं, मग माणसांकडे. जानकीने भोकांकडे पाहिलं. आत दोन डोळे होते. म्हातारे, ओले, हलणारे. पापण्या जडावलेल्या. मान डावीकडे कललेली. भिंतीवरून दरवेळी निसटणारी ती नजर — ती तिथे होती, हो! आत होती!

थांबा, संबळ इथेच थांबू दे. आता तुमच्याकडे येतो.

सुटाल असं वाटलं का? तुमच्या घरी कोण आहे, ज्याच्यावर तुमचा फार जीव आहे? पोराला डॉक्टरकीचा चंद्र लावलात. सुनेच्या कपाळावर घराण्याचे आरसे डकवलेत. म्हाताऱ्या आईला "माझी आई कधी थकत नाही" म्हणून लुकलुकणारी माळ घातलीत — सेलच्या डबीसकट! आणि देवाला? देवाला तर विचारूच नका. हारांतून तो तुम्हाला दिसत नाही, आणि हारांतून त्याला तुम्हीही! प्रेम कमी करा असं मी म्हणतच नाही. टांगा ना सगळं — पण दोरावर टांगा, आणि दोर आपल्या हातात धरा. घरी जाल तेव्हा त्या माणसाला समोर बसवा. दोरा घ्या. विचारा — "बाबा रे, आत तू आहेस ना? तुला दिसतंय ना?"

एवढं ज्याला जमलं, त्याचं कीर्तन झालं. मी उभा राहिलो काय आणि न राहिलो काय!

आता पुढचं. संबळ वाजली. आभाळ्याने गिरकी घेतली — कुणावर पडला नाही. ओढ्याच्या वाटेला लागला. मुखवटा मध्ये उतरला नाही. ओढ्याच्या काठाला एक सपाट धोंडा आहे, तिथे सोमाबाबांना उचलून नेऊन बसवलं होतं. सूर्य डोंगरावर आला, आणि त्या धोंड्यासमोर साठी उलटलेल्या लहानू महालेने दोन्ही पाय उचलून उडी मारली. पाय धोंड्याच्या माथ्याच्या वर गेले. किती उंच उडाला ते बघायला सोमाबाबांनी डाव्या हाताने धोंड्याची उंची मोजली.

एक वीत, चार बोटं.